शहर एक, खासदार तीन. ताथवडे मात्र बारामतीच्या यादीत

पिंपरी : २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या हद्दीतील मतदारांनी दोन वेगवेगळ्या दिवशी मतदान केले. ताथवडे येथे ७ मे रोजी मतदान झाले. गावाला लागून असलेल्या वाकड आणि पुनावळे येथील मतदारांना मात्र १३ मेपर्यंत थांबावे लागले. पाणीपट्टी एकाच महापालिकेची, मालमत्ता कर एकाच तिजोरीत, कचऱ्याची गाडीही त्याच खात्याची. तरीही ताथवड्याचा मतदार बारामतीचा खासदार निवडतो आणि वाकडचा मतदार मावळचा. २०१९ मध्येही असेच घडले होते. तेव्हा बारामतीत २३ एप्रिलला आणि मावळात २९ एप्रिलला मतदान झाले होते.

कायद्यानुसार मतदान संपण्याच्या वेळेपूर्वी ४८ तास जाहीर प्रचार थांबतो. त्यामुळे २०२४ मध्ये ५ मे रोजी सायंकाळी ताथवड्यातील प्रचाराची मुदत संपली, तर महामार्गालगतच्या पुढच्या वस्तीत मावळच्या उमेदवारांना आणखी सहा दिवस भोंगे लावण्याची मुभा होती. मतदानाच्या सुटीचेही तसेच. मतदाराला भरपगारी सुटी मिळते ती त्याचे नाव ज्या मतदारसंघाच्या यादीत आहे तेथील मतदानाच्या दिवशी. ताथवड्यात राहणाऱ्या आणि चाकणच्या कारखान्यात काम करणाऱ्या कामगाराचा या सुटीवरील हक्क ७ मेचा होता. चाकण शिरूर लोकसभा मतदारसंघात येते आणि तेथील मतदान १३ मे रोजी होते. त्यामुळे एकाच पाळीतील दोघांच्या सुट्या वेगवेगळ्या दिवशी येण्याची परिस्थिती उद्भवली.

ही विसंगती कुणा अधिकाऱ्याच्या चुकीतून आलेली नाही. लोकसभेच्या मतदारसंघांच्या सीमा कशा आखल्या जातात, कोणत्या तारखेच्या नकाशावर आखल्या जातात आणि त्या किती काळ गोठवून ठेवल्या जातात, याचे उत्तर त्यामागे आहे. देशात नवी जनगणना आणि तिच्यापाठोपाठ मतदारसंघांच्या पुनर्रचनेचा विषय पुढे आलेला असताना ते समजून घेणे ताथवड्याइतकेच उर्वरित शहरालाही आवश्यक आहे.

नावाने कनिष्ठ, अधिकाराने वरचढ

संसदेची दोन सभागृहे आहेत. राज्यसभेला वरिष्ठ आणि लोकसभेला कनिष्ठ सभागृह म्हणण्याचा प्रघात ब्रिटिश परंपरेतून आला. शब्दावरून होणारा समज मात्र फसवा आहे. देशाच्या तिजोरीची किल्ली कनिष्ठ सभागृहाकडेच असते. धनविधेयक केवळ लोकसभेतच मांडता येते. राज्यसभेला त्यावर शिफारशी करण्यासाठी १४ दिवस मिळतात आणि त्या स्वीकारणे लोकसभेवर बंधनकारक नसते. मंत्रिमंडळ जबाबदार असते तेही लोकसभेला. १७ एप्रिल १९९९ रोजी अटलबिहारी वाजपेयी यांचे सरकार २६९ विरुद्ध २७० अशा एका मताने कोसळले, ते याच सभागृहात.

पहिली लोकसभा १९५२ मध्ये अस्तित्वात आली आणि १३ मे १९५२ रोजी तिची पहिली बैठक झाली. गणेश वासुदेव मावळंकर हे तिचे पहिले अध्यक्ष. 'लोकसभा' हे नाव मात्र सभागृहाने १९५४ मध्ये स्वीकारले. पुढे शिवराज पाटील, मनोहर जोशी आणि सुमित्रा महाजन या मराठी भाषकांनीही अध्यक्षपद भूषविले. त्यापैकी महाजन यांचा जन्म चिपळूणचा असला, तरी त्या निवडून येत असत इंदूरमधून.

आज लोकसभेत ५४३ निर्वाचित सदस्य आहेत. अँग्लो-इंडियन समाजाच्या दोन नामनियुक्त सदस्यांची तरतूद २०२० मध्ये संपुष्टात आली. महाराष्ट्राच्या वाट्याला ४८ जागा आहेत. राज्यातील विधानसभेचे २८८ मतदारसंघ ४८ ने भागले की सहा उरतात. म्हणूनच राज्यात सहा विधानसभा मतदारसंघ मिळून लोकसभेचा एक मतदारसंघ होतो. ताथवड्याच्या कोड्याची पहिली गाठ येथेच आहे. लोकसभेची सीमा स्वतंत्रपणे आखली जात नाही. ती विधानसभा मतदारसंघांच्या कडेकडेने जाते. गाव ज्या विधानसभेत, त्याच विधानसभेच्या लोकसभेत.

ताथवडे भोर विधानसभा मतदारसंघात आहे. भोर, वेल्हे आणि मुळशी हे तीन तालुके मिळून हा मतदारसंघ बनला असून दौंड, इंदापूर, बारामती, पुरंदर आणि खडकवासला यांच्यासह तो बारामती लोकसभा मतदारसंघात मोडतो. वाकड, पुनावळे, रावेत हा पट्टा चिंचवड विधानसभेत असल्याने मावळ लोकसभेत गेला. मावळमध्ये चिंचवड, पिंपरी आणि मावळ यांच्याबरोबर घाट उतरून पनवेल, कर्जत आणि उरणही आहेत. भोसरी विधानसभा मतदारसंघ शिरूर लोकसभेत आहे. अशा रीतीने एकाच महापालिकेच्या हद्दीत तीन खासदार येतात. २०२४ च्या निकालानुसार मावळचे श्रीरंग बारणे, शिरूरचे अमोल कोल्हे आणि ताथवड्यापुरत्या बारामतीच्या सुप्रिया सुळे.

१५ फेब्रुवारी २००४ चा नकाशा

सध्याच्या सीमा परिसीमन कायदा, २००२ अन्वये नेमलेल्या आयोगाने आखल्या. सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती कुलदीप सिंग हे त्याचे अध्यक्ष होते. लोकसंख्येचा आधार म्हणून २००१ ची जनगणना घेण्यात आली. परंतु गाव कोणत्या तालुक्यात आणि कोणत्या नगरपालिका वा महापालिकेत आहे, हे ठरविण्यासाठी एक दिवस निश्चित करावा लागतो. अन्यथा काम चालू असतानाच सीमा सरकत राहतील. आयोगाने त्यासाठी १५ फेब्रुवारी २००४ ही तारीख धरली. आदेशात जिथे जिथे तालुका, जिल्हा किंवा महापालिका असा उल्लेख आहे, तिथे त्या दिवशी असलेले क्षेत्र असाच त्याचा अर्थ घ्यायचा आहे.

त्या दिवशी ताथवडे हे मुळशी तालुक्यातील गाव होते. पिंपरी-चिंचवड नगरपालिका १९७० मध्ये स्थापन झाली, १९८२ मध्ये तिची महापालिका झाली आणि १९९७ मध्ये भोवतालची अनेक गावे तिच्या हद्दीत आली. वाकड आणि पुनावळे त्यांत होते, ताथवडे नव्हते. ताथवड्याचा समावेश झाला २००९ मध्ये. परिसीमन आयोगाचा आदेश १९ फेब्रुवारी २००८ पासून लागू झाला होता. म्हणजे गाव शहरात आले तेव्हा मतदारसंघाचे दार आधीच बंद झालेले होते. साधे वर्षभराचे अंतर, पण त्याची किंमत निवडणुकांमागून निवडणुका मोजावी लागत आहे.

मधल्या काळात ताथवडे ओळखू येणार नाही इतके बदलले. एकेकाळी या गावाची ओळख शासनाच्या पशुपैदास प्रक्षेत्रामुळे होती. नंतर अभियांत्रिकी आणि व्यवस्थापन महाविद्यालये आली, हिंजवडीच्या माहिती तंत्रज्ञान उद्यानामुळे घरांची मागणी वाढली आणि शेताच्या बांधावर गृहसंकुलांचे मनोरे उभे राहिले. वाकडहून ताथवड्यात सदनिका घेणाऱ्या कुटुंबाला पत्ता बदलताना आपण मतदारसंघही बदलत आहोत, याची सहसा कल्पना नसते. मतदारयाद्या विधानसभा मतदारसंघनिहाय तयार होत असल्याने अशा मतदाराने स्थलांतराचा अर्ज क्रमांक ८ भरला, की त्याचे नाव चिंचवडच्या यादीतून निघून भोरच्या यादीत जाते. भोर हे शहर ताथवड्यापासून सुमारे ६० किलोमीटरवर आहे आणि बारामती त्याहून बरेच लांब.

महापालिकेच्या निवडणुकीत मात्र हेच मतदार शेजाऱ्यांबरोबर एकत्र मतदान करतात. प्रभाग रचना राज्याचा विषय असून तिला विधानसभेच्या सीमांचे बंधन नाही. म्हणून पालिका निवडणुकीची यादी करताना पिंपरी, चिंचवड आणि भोसरी या तीन मतदारसंघांच्या याद्यांना भोरच्या यादीतील ताथवड्याचा भाग जोडावा लागतो. नगरसेवक शहराचा, आमदार आणि खासदार तालुक्याचा, असा हा प्रकार आहे.

निवडणूक आयोगाला ही दुरुस्ती करता येणार नाही का, असा प्रश्न साहजिकच विचारला जातो. उत्तर नकारार्थी आहे. परिसीमन कायद्याने निवडणूक आयोगाला आदेशातील छपाईच्या चुका सुधारण्याचा आणि जिल्ह्यांची वा तालुक्यांची नावे, हद्दी बदलल्यास आदेश अद्ययावत करण्याचा अधिकार दिला आहे. परंतु तसे करताना मतदारसंघाचे क्षेत्र बदलता येत नाही, अशी स्पष्ट अट आहे. न्यायालयाचा मार्गही अरुंद आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३२९ ने मतदारसंघांच्या आखणीसंबंधीच्या कायद्याला न्यायालयात आव्हान देण्यास मज्जाव केला आहे. उज्जैन मतदारसंघ राखीव झाल्याविरुद्ध मेघराज कोठारी यांनी केलेल्या याचिकेवर १९६६ मध्ये निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने आयोगाच्या प्रसिद्ध झालेल्या आदेशाला कायद्याचेच बळ असल्याचे मान्य केले. प्रत्येक आदेश न्यायालयात अडकू लागला, तर निवडणुका घेणेच अवघड होईल, हा त्यामागील विचार. २०२४ मध्ये गुजरातमधील एका प्रकरणात न्यायालयाने ही मनाई संपूर्ण नसल्याचे आणि आदेश उघडपणे मनमानी असल्यास हस्तक्षेप शक्य असल्याचे म्हटले. ताथवड्याचा समावेश त्या वेळच्या नकाशाप्रमाणेच झालेला असल्याने त्याला मनमानी म्हणणे कठीण आहे.

महामार्गावरील चार पाट्या

मतदारसंघ कोणता, याने रोजच्या जीवनात काय फरक पडतो? गटार, पथदिवे, पाणी यांसाठी फारसा नाही. ती महापालिकेची कामे. परंतु ताथवड्याच्या कुशीतून मुंबई-बेंगळुरू राष्ट्रीय महामार्ग जातो आणि राष्ट्रीय महामार्ग हा केंद्राचा विषय आहे. पुनावळे, ताथवडे आणि वाकड परिसरातील महामार्गाखालचे अरुंद भुयारी मार्ग, तेथे पावसात साचणारे पाणी, सकाळ-संध्याकाळ लागणाऱ्या वाहनांच्या रांगा आणि तुटक सेवा रस्ते ही या भागातील रहिवाशांची नित्याची डोकेदुखी आहे. या प्रश्नांवर केंद्रीय मंत्र्याला उत्तर देण्यास भाग पाडण्याचे हक्काचे व्यासपीठ म्हणजे लोकसभेचा प्रश्नोत्तराचा तास.

आता हा महामार्ग लोकसभेच्या नकाशावर पाहावा. किवळे, रावेत, पुनावळे येथे तो मावळ मतदारसंघात असतो. ताथवड्यात बारामती. वाकडला पुन्हा मावळ. मुळा नदी ओलांडून बालेवाडीत शिरला की पुणे. जेमतेम दहा-बारा किलोमीटरांत तीन वेळा मतदारसंघाची पाटी बदलते आणि तीन खासदारांची हद्द लागते. एका भुयारी मार्गाची कोंडी दुसऱ्या मतदारसंघात जाऊन सुटते किंवा अडते. प्रश्न सर्वांचा असला की पाठपुरावा कुणाचा, हे ठरविणे अवघड जाते.

खासदार स्थानिक विकास निधीचा हिशेबही असाच आहे. १९९३ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत प्रत्येक खासदाराला वर्षाला पाच कोटी रुपयांची कामे सुचविता येतात. २०११-१२ पूर्वी ही रक्कम दोन कोटी होती. लोकसभेच्या सदस्याने ही कामे प्रामुख्याने आपल्या मतदारसंघात सुचवावीत, असा नियम आहे. ताथवड्यातील काम बारामतीच्या वाट्यातून व्हायचे आणि त्याच वाट्यात इंदापूरचा ऊस पट्टा, पुरंदरचा दुष्काळी भाग आणि वेल्ह्याच्या डोंगरातील वाड्याही आहेत. पाच कोटींत सहा विधानसभा बसवायच्या, तर महानगराच्या एका टोकाला किती येणार, याचा अंदाज बांधता येतो. अर्थात दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. भोर मतदारसंघात ताथवडे एकटे नाही. पश्चिमेची मारुंजी, हिंजवडी ही मुळशीतील गावेही त्यातच आहेत. कामासाठी रोज हिंजवडीला जाणाऱ्या ताथवडेकराचे प्रश्न मावळच्या पनवेल-उरणपेक्षा याच पट्ट्याशी अधिक जुळतात, असा युक्तिवाद कुणी केल्यास तो अगदीच झटकून टाकता येणार नाही.

गोठलेले आकडे

ताथवड्याचा प्रश्न एका गावाचा म्हणून सोडून देता येत नाही, याचे कारण सीमांपेक्षा आकड्यांत अधिक आहे. प्रत्येक जनगणनेनंतर लोकसभेच्या जागांचे राज्यांमध्ये फेरवाटप आणि मतदारसंघांची पुनर्रचना व्हावी, असे राज्यघटनेच्या अनुच्छेद ८२ मध्ये म्हटले आहे. कुटुंबनियोजनात पुढे असलेल्या राज्यांचे नुकसान होऊ नये म्हणून १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने राज्यांच्या जागा १९७१ च्या लोकसंख्येवर गोठविल्या. ८४ व्या दुरुस्तीने ही मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढविली, तर २००३ च्या ८७ व्या दुरुस्तीने राज्याच्या आतील सीमा २००१ च्या लोकसंख्येनुसार बदलण्यास परवानगी दिली. त्यामुळेच २००८ मध्ये जुना खेड लोकसभा मतदारसंघ नाहीसा होऊन मावळ आणि शिरूर हे नवे मतदारसंघ आले. महाराष्ट्राच्या जागा मात्र ४८ च राहिल्या.

१९७१ मध्ये महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे पाच कोटी होती. एका खासदारामागे साधारण साडेदहा लाख लोक येत. २०११ मध्ये राज्याची लोकसंख्या सव्वाअकरा कोटींच्या घरात गेली आणि एका खासदारामागील लोकांची सरासरी २३ लाखांवर पोहोचली. ही झाली सरासरी. वाढ सगळीकडे सारखी झालेली नाही. पिंपरी-चिंचवड शहराची लोकसंख्या २००१ मध्ये दहा लाख होती, ती दहा वर्षांत १७ लाखांवर गेली. २००८ ची आखणी करताना विधानसभेच्या एका मतदारसंघात सुमारे ३ लाख ३६ हजार लोकसंख्या असावी, असे सरासरीने निघत होते आणि त्यात लहान मुलेही धरलेली होती. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत एकट्या चिंचवडमध्ये नोंदलेले मतदारच सहा लाखांहून अधिक होते. मुंबईतील वडाळा मतदारसंघात तेव्हा दोन लाखांच्या आसपास मतदार होते. आमदार दोन्हीकडे एकच. वडाळ्याच्या एका मताचे वजन चिंचवडच्या तीन मतांएवढे झाले, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही.

औद्योगिक शहरे वाढतात आणि प्रतिनिधित्व जुन्या जागी थांबते, हा अनुभव ब्रिटनने दोनशे वर्षांपूर्वी घेतला. कापड गिरण्यांचे मँचेस्टर गजबजलेले असताना त्या शहराला हाउस ऑफ कॉमन्समध्ये स्वतःचा एकही प्रतिनिधी नव्हता आणि ओल्ड सारम या ओसाड टेकडीवरून दोन सदस्य निवडले जात होते. १८३२ च्या सुधारणा कायद्याने हा प्रकार बंद झाला. चिंचवड आणि चाकणची स्थिती तितकी विपरीत नाही. येथे प्रत्येकाला मत आहे. पण मत असणे आणि मताला सारखे वजन असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पुढील जनगणनेची अधिसूचना १६ जून २०२५ रोजी निघाली. तीत देशाच्या बहुतांश भागासाठी १ मार्च २०२७ ही गणनेची संदर्भ तारीख ठरविण्यात आली. ८४ व्या दुरुस्तीने घातलेल्या मर्यादेनंतरची ही पहिलीच जनगणना. राज्यांमधील जागावाटप लोकसंख्येनुसार नव्याने झाल्यास उत्तरेकडील राज्यांचे संख्याबळ वाढेल आणि आपला आवाज क्षीण होईल, ही दक्षिणेकडील राज्यांची भीती जुनी आहे. २०२३ मध्ये उद्घाटन झालेल्या नव्या संसद भवनात लोकसभेच्या दालनात ८८८ आसने ठेवण्यात आली, तेव्हा या चर्चेला आणखी धार आली. लोकसभा आणि विधानसभांत महिलांना एक तृतीयांश आरक्षण देणारी २०२३ ची १०६ वी घटनादुरुस्तीही जनगणनेनंतरच्या पुनर्रचनेशीच जोडण्यात आली होती. या मोठ्या वादात राज्याच्या आतील सीमांचा प्रश्न मागे पडतो. ताथवडे, हिंजवडी आणि चाकणसारख्या गावांच्या दृष्टीने खरा प्रश्न मात्र तोच आहे.

२००२ च्या कायद्यातील कार्यपद्धती येथे लक्षात घेण्याजोगी आहे. आयोगाला प्रत्येक राज्यातील पाच खासदार आणि पाच आमदार सहयोगी सदस्य म्हणून साहाय्य करतात, पण त्यांना मताधिकार नसतो. प्रस्तावांचा मसुदा राजपत्रात प्रसिद्ध होतो, त्यावर ठरावीक मुदतीत हरकती आणि सूचना मागविल्या जातात आणि आयोग जाहीर बैठकांत त्या ऐकून घेतो. सलग भूभाग, नैसर्गिक रचना, प्रशासकीय हद्दी, दळणवळणाच्या सोयी आणि लोकांची सोय हे निकष आयोगाने पाहायचे असतात. नागरिकाला आपले म्हणणे मांडण्याची जागा हीच. अंतिम आदेश निघाला की ती संपते, हे ताथवड्याच्या अनुभवावरून दिसते.

जनगणनेसाठी प्रशासकीय सीमा ३१ डिसेंबर २०२५ च्या स्थितीनुसार गोठविण्यात आल्या. ताथवड्याची मोजणी त्यामुळे महापालिकेच्या हद्दीत होणार, यात शंका नाही. हिंजवडी आणि लगतची गावे शहरात घ्यावीत, ही मागणी २०२५ मध्ये वाहतूक कोंडी आणि तुंबलेल्या पाण्यामुळे पुन्हा जोर धरून होती. मतदारसंघांच्या आखणीसाठी नवा आयोग नकाशाची कोणती तारीख धरतो आणि ही गावे तिच्या अलीकडे शहरात येतात की पलीकडे, यावर तेथील मतदार कोणत्या खासदाराचे, हे ठरेल.